साताऱ्याची सरकारी सहल

पलूस,
फेब्रुवारी १९४५

प्रिय नाथाजी,

लेकरा, तुझं पत्र पोचलं. काठीच्या आधारानं इस्पितळाच्या व्हरांड्यापर्यंत चालत जातोस हे वाचून तुझ्या काकीनं देवापुढं साखर ठेवली आणि आल्यागेल्याला ते पत्र दाखवत बसली. मी मात्र लगेच उत्तर लिहिलं नाही. आता लिहितोय ते गुऱ्हाळावर बसून. रसाची काहील चढलीय, गडी चुलवाणात उसाच्या वाळल्या चोयट्या सारतायत, आणि कागदावर हात टेकला की चिकटतोय. घरी बसून लिहिता आलं असतं, पण मी दौत काढली की तुझी काकी आणि आमची सून अंजना दोघी येऊन उभ्या राहतात आणि ‘आमचं बी लिवा’ म्हणतात. या पत्रात त्यांचं काही लिहायचं नाही. तूही हे एकट्यानं वाच. शेजारच्या खाटेवरच्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. वाटेत कुणी सरकारी माणूस फोडून वाचणार असेल तर वाचू दे, त्यालाही कळू दे.

आधी माझा राग ऐकून घे. मागच्या आठवड्यात मी साताऱ्याला जाऊन आलो. मी गेलो असं म्हणणंही खोटं आहे, मला नेलं. कचेरीतून चावडीवर निरोप आला होता. ज्यांची माणसं लढाईवर आहेत त्यांच्या घरच्यांना सरकार एक दिवस आगगाडीनं साताऱ्याला नेणार, छत्रपतींची राजधानी दाखवणार, जेवण घालणार, आणि संध्याकाळी घरी आणून सोडणार. बरोबर माहिती सांगायला एक जाणता माणूस देणार. मला हे असलं काही नको होतं. मागल्या लढाईत बसऱ्याच्या मोहिमेत सरकारनं मला एवढं हिंडवलंय की आता तुरीच्या रानापलीकडं जायची हौस उरलेली नाही. पण आमच्या दारात येऊन तलाठ्यानं निरोपाचा शेवट वाचला, की मोठे साहेब स्वतः सगळ्यांना भेटतील. ते ऐकलं आणि अंजना घरातून पायऱ्या उतरून खाली आली. चार माणसांत कधी न बोलणारी पोर, ती तलाठ्याला म्हणाली, “साहेबाला इचारता येतंय व्हय?” तो म्हणाला, येतंय की. झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही.

तुला माहीतच आहे, दिवाळीच्या आधी तार आली ती एवढीच, की आमचा सयाजी बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे काय ते आमच्या गावात कुणालाच नीट कळेना. कुणी म्हणालं सापडंल, कुणी म्हणालं जर्मनांनी धरला असंल. मी दोन-तीन अर्ज केले, त्यांना उत्तर आलं की चौकशी सुरू आहे. तूही लिहिलंस, ‘गडबडीत आमी चुकलो, सयाजी कैदेत असंल, काळजी करू नगा.’ दर पत्रात सयाजीबद्दल तू एकच ओळ लिहितोस आणि ती तीच असते. दोघं एका आळीत वाढलात, एका विहिरीत पोहायला शिकलात, भरतीला एकाच दिवशी छाती मोजून घेतलीत, आणि त्याच्याबद्दल लिहायला तुझ्याकडं एकच ओळ. मला ते खटकत होतं. पण तुझा पाय एवढा मोडलेला, म्हटलं आजारी माणसाकडून किती अपेक्षा करायची.

तर आम्ही निघालो. तुझ्या काकीला मागं ठेवलं, तिचे गुडघे आता गाडीची पायरी चढू देत नाहीत. जाताना ती मला म्हणाली, “साहेबाला बाकी कायबी इचारू नगा. पोरगं खातंपितंय का एवढंच इचारा.” कुंडल रोडला पहाटेची गाडी. तिथं आम्हा सगळ्यांना छातीवर पिवळ्या फिती टोचल्या, जत्रेतल्या बैलांना रंग लावतात तसं. आणि हातात पत्र्याचा भोंगा घेतलेले एक मास्तर डब्यात चढले. आठल्ये मास्तर. पेन्शनीत निघालेले, काळी टोपी, उपरणं, आणि आवाज असा की भोंग्याची गरजच नव्हती. सांगलीकडच्या बायका-माणसांनी डबा आधीच भरलेला. मास्तरांनी भोंगा तोंडाला लावला आणि ताकारी यायच्या आत शहाजीराजांपासून सुरुवात केली. मी त्यांना म्हणालो, “मास्तर, साहेब कितीला भेटणार?” ते म्हणाले, “सगळं यथाक्रम होईल.” ते ‘यथाक्रम’ मी त्या दिवशी इतक्या वेळा ऐकलं की अजून झोपेत ऐकू येतं.

कऱ्हाड गेलं, मसूर गेलं, रहिमतपूर आलं. रहिमतपूरच्या फलाटावर अंजनाचा थोरला भाऊ उभा होता. त्याला आम्ही कळवलं नव्हतं, त्यानंच कुठून तरी काढलेलं. गाडी उभी होती तेवढ्या वेळात खिडकीशी येऊन मला म्हणाला, “आवं मामा, आमी किती दिस वाट बघायची? तिला आमच्याकडं पाठवा. इथं बसून वाळून चाललीया.” खोटं काय बोलला तो? अंजना माहेरी जात नाही. सणालासुद्धा नाही. ती गेलेली असताना तार आली तर, म्हणून. गोड खात नाही, कुणाच्या हळदीकुंकवाला जात नाही, आणि कुणी पांढरं कपाळ म्हणू नये म्हणून कुंकू मात्र मोठं लावते. ती खिडकीतून भावाला म्हणाली, “दादा, आज साहेब सांगणार हाय. मग बघू.” आणि गाडी सुटली. त्या पोराचं तोंड मला अजून दिसतं. रागावलेलाही होता आणि रडवेलाही.

सातारा रोडला उतरलो, तर तिथून सातारा कुठं आणि आम्ही कुठं! न्यायला मोटार होती, ती कोळशावर चालणारी. पेट्रोल सगळं तुमच्या लढाईला जातं, म्हणून मोटारीच्या पाठीमागं ही मोठी शेगडी बांधलेली. चढ आला की ती दमेकऱ्यासारखी धापा टाकायची आणि थांबायची. मग आम्ही पुरुषांनी उतरायचं, ढकलायचं, आणि मास्तरांनी पायरीवर उभं राहून आम्हाला शाहूमहाराजांच्या दिंडीदरवाजांची माहिती द्यायची. तोंडावर काळी राख, छातीवर पिवळी फीत. एक म्हातारी तर म्हणाली, “ह्यापरीस आमी चालत गेलो असतो तर लौकर पोचलो असतो.”

माहुलीला नदीकाठी मास्तरांनी मोटार थांबवली. संगम आहे, देवळं आहेत, राजघराण्यातल्या माणसांच्या समाध्या आहेत. चांगली जागा आहे, मी नाही म्हणत नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी गेलो असतो तर हात जोडून तास-दोन तास बसलो असतो. पण मास्तरांनी आम्हाला एका समाधीपुढं नेऊन उभं केलं आणि सांगितलं की ही शाहूमहाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी. वाघापासून त्यानं धन्याचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याला भर दरबारात मान दिला आणि मेल्यावर दगडात बांधून काढलं. बायका हळहळल्या. कुणी फूल वाहिलं. मी तिथं उभा राहिलो आणि नाथाजी, माझं डोकं असं तापलं की काय सांगू. शेदोनशे वर्षांपूर्वीचा कुत्रा कुठं पुरला ते या लोकांना ठाऊक आहे, ते दाखवायला माणूस नेमलाय, आणि माझा वाढलेला पोरगा कुठं आहे ते विचारलं की चौकशी सुरू आहे. मी मास्तरांना तसंच म्हणालो, तोंडावर.  भोंगा खाली घेऊन मास्तर म्हणाले, “चला, उशीर होतोय.”

मग राजवाडा झाला, अदालतवाडा झाला. कुठला राजा कुठं बसायचा, पेशवे कुठं उभे राहायचे. माझ्या कानात काही शिरत नव्हतं. प्रत्येक दारात मी बघायचो, साहेब इथं आहे का. दुपार डोक्यावर आली तेव्हा आम्हाला अजिंक्यताऱ्यावर चढवलं. माझ्याएवढी म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, अनवाणी, त्या उन्हात. अंजना मात्र सगळ्यांच्या पुढं. तिला वाटत होतं साहेब किल्ल्यावरच बसलाय. वर गेलो तर वारा आणि पडके बुरूज. मंगळाईचं देऊळ आहे, तिथं सावलीला टेकलो. आणि तिथं मास्तरांनी ती गोष्ट सांगितली.

औरंगजेबानं या किल्ल्याला वेढा घातला होता. खालून सुरुंग खणले आणि उडवले. बुरूज कोसळला, आतली माणसं दगडाखाली गेली. किल्लेदार प्रयागजी प्रभू, तोही गाडला गेला. सगळ्यांनी आशा सोडली. आणि ढिगारा उपसला तर माणूस जिवंत! देवीनंच राखला म्हणतात. दुसरा सुरुंग उलटा फिरला तो बादशहाच्याच माणसांवर. मास्तर सांगतात छान, ते कबूल केलं पाहिजे. ऐकताना मीसुद्धा घटकाभर राग विसरलो. एवढ्यात अंजना उठून उभी राहिली. सगळ्यांदेखत. म्हणाली, “मास्तर, समदी म्हणत हुती का त्यो गेला म्हणून?” मास्तरांना दिवसभरात कुणी पहिल्यांदाच काही विचारलेलं. ते खुलले. म्हणाले, “सगळे म्हणत होते बाई. सगळे म्हणत होते गेला, आणि तो होता.” तिनं वळून मंगळाईला नमस्कार केला तो किती तरी वेळ डोकं टेकून. मी बघत होतो. म्हटलं, मास्तर, तुम्ही हे काय करून ठेवलंत. पण तेव्हा मला सगळं कळलेलं नव्हतं, म्हणून तो राग छोटा होता.

खाली उतरून जेवणं झाली. एका शाळेच्या पटांगणात पंगत होती, बुंदी होती, आणि मास्तर नावं पुकारून एकेकाला जागेवर बसवत होते. ‘पलूसचे हंबीरराव हवालदार’ असं त्यांनी भोंग्यातून पुकारलं, तेव्हा पलीकडच्या मांडवातून एक शिपाई उठून माझ्याकडं आला. पुण्याच्या इस्पितळातून काही जखमी शिपाई हार घालायला आणले होते, त्यातला. उंच, काळा, डाव्या बाहीचं टोक खांद्यापाशी टाचणीनं टाचलेलं. वाकून पाया पडला. म्हणाला, “मामा, तुमी सयाजीचं वडील न्हवं? म्या बिराप्पा. जतच्या बाजूचा. धनगराचा हाय. तिकडं लढाईवरच्या इस्पितळात नाथाजीच्या शेजारच्या खाटंवर हुतो.” मला आनंद झाला रे. तुझी खुशाली विचारली. त्यानं सांगितली. बायकांच्या पंगतीत बसलेली अंजना मी त्याला दाखवली, तो तिच्याकडं बघायला लागला. म्हणाला, “मामा, जरा आडबाजूला येता का?” आम्ही शाळेच्या मागं चिंचेखाली गेलो. त्यानं काय सांगितलं ते लिहितो, पण आत्ता नाही. ते लिहायला घेतलं तर बाकीचं राहून जाईल.

मी परत आलो तर पंगत उठलेली, आणि माझ्या पानावरची बुंदी अंजनानं पदराला बांधून घेतलेली, सासूला न्यायला. साहेब आले होते. टेबलं मांडली होती, चहाचे पेले होते, आणि लोकांची रांग लागली होती. साहेब प्रत्येकाचा हात हातात घेत होता, दुभाषा दोन शब्द बोलत होता, माणूस पुढं सरकत होता. पोरा, ज्यासाठी पहाटेपासून जीव टांगून ठेवला होता ती रांग समोर होती. मला आता साहेबाकडून काही नको होतं. पण अंजनानं माझा हात धरून ओढलं. “चला की मामंजी, आपला नंबर जाईल.” मी तिच्या मागं उभा राहिलो. साहेब वयस्क होता, डोळे निळे, थकलेला दिसत होता. तिनं डोक्यावरचा पदर सावरला आणि दुभाष्याला न जुमानता सरळ साहेबालाच विचारलं, “माझा मालक कुठं हाय?” दुभाष्यानं सांगितलं. नाव विचारलं, पलटण विचारली. साहेबानं शेजारच्या माणसाशी इंग्रजीत काही बोलून घेतलं आणि मग मोडक्या हिंदुस्थानीत तिला म्हणाला, “बेटी, खबर नहीं आयी, तो अच्छी खबर समझो.” आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती रडली नाही. हसली. दिवाळीनंतर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

त्यानं मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही. त्यालाही तेवढंच ठाऊक असणार. पण मी जवळ उभा होतो, माझ्या पोटात बिराप्पाचं बोलणं होतं, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. मी तीस-चाळीस माणसांना हुकूम सोडलेला हवालदार.

परत येताना मोटार पुन्हा बंद पडली, आम्ही पुन्हा ढकलली. आगगाडीत आठल्ये मास्तर माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांचा आवाज पार बसला होता, भोंगा मांडीवर आडवा. मी त्यांना दिवसभराचं सगळं सुनावलं. माणसं कशासाठी आली होती आणि तुम्ही त्यांना कुत्र्याच्या समाध्या काय दाखवता म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, “हवालदार, मला सांगितलंच होतं तसं. लोकांना भरपूर हिंडवा, दमवा, म्हणजे साहेबांपुढं रडारड कमी होईल. मला इतिहास येतो, म्हणून मला बोलावलं. मी दुसरं काय सांगणार होतो त्यांना?”  त्या म्हाताऱ्यावर दिवसभर तापलेलो मी, आता तापायलाही कुणी उरलं नाही. समोर अंजना बसली होती. सांगलीच्या एका बाईला तिनं प्रयागजी प्रभूची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली, मास्तरांपेक्षाही रंगवून. त्या बाईचाही मुलगा बेपत्ता होता. दोघी हसत होत्या. रहिमतपूर आलं, भाऊ पुन्हा फलाटावर. ती खिडकीतून ओरडून म्हणाली, “दादा, चांगली खबर हाय! मी येत न्हाई आता, कवाच न्हाई. ते आल्यावर दोगं मिळून येऊ.” तो माझ्याकडं बघत राहिला, मी मान खाली घातली.

आता बिराप्पानं काय सांगितलं ते. त्याच्यावर रागवू नकोस. तो म्हणालाच होता, “म्या सांगितलं म्हणून नाथाजीला कळवू नगासा.” पण मला ते झाकून हे पत्र लिहिता येणार नाही. तो म्हणाला, तू तापात बरळायचास. ‘हात सुटला, हात सुटला’ एवढंच. तो रोज ऐकायचा. मग एक दिवस तू शुद्धीत असताना त्यानं विचारलं आणि तू त्याला सगळं सांगितलंस. पावसानं फुगलेली ती नदी, आडवा बांधलेला दोर, वरून पडणारे गोळे. तुझा पाय आधीच गेलेला. दोर तुटला तेव्हा सयाजी वाहत निघाला आणि तू एका हातानं खडकाला आणि एका हातानं त्याला धरलंस. बराच वेळ धरलंस. तो तुला म्हणाला, “सोड गड्या, न्हाईतर दोगंबी जाऊ.” आणि मग त्याचा हात तुझ्या हातात नव्हता. पलीकडचा काठ शत्रूचा, शोधायला कुणाला जाता आलं नाही. आणि तुझ्या रिपोर्टात आणि तुझ्या पत्रात ते झालं ‘गडबडीत चुकलो.’

बिराप्पा म्हणाला, तुला छळतंय ते वेगळंच आहे. हात सुटला का तूच सोडलास, हे तुझं तुलाच कळत नाही. नाथाजी, नीट ऐक. हे मी तुला कधीही विचारणार नाही. आज नाही, मरतानाही नाही. आणि तूही स्वतःला विचारू नकोस. बसऱ्याकडं मी ती नदी पाहिलीय, मोठी, गढूळ. माणूस पाण्यात गेला की धरणाऱ्याच्या बोटांत काय बळ राहतं ते मला माहीत आहे. तुला हे सांगायची हिंमत झाली नाही म्हणून मी पत्रातली ती ओळ तुझ्या तोंडावर फेकायला बसलो नाही. पहिले दोन दिवस फेकाविशी वाटली, खोटं कशाला बोलू. रानात एकटाच तुला शिव्या देत हिंडलो. पोरानं एवढे महिने आम्हाला झुलवलं म्हणून. मग तुझं वय आठवलं.

आता मी हे का लिहितोय ते. घरी मी कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायला गेलो. परवा मी अंजनाला जवळ बसवलं आणि म्हणालो, पोरी, समज, सयाजी नसलाच तर? तिनं शांतपणे विचारलं, “मामंजी, कुणी बघितलंय?” मी तर बघितलेलं नाही. बिराप्पानंही नाही. ती म्हणाली, “मग कशापायी बोलता तसं? किल्ल्यावर ऐकलं न्हवं तुमी?” आता तिनं दर मंगळवारी मंगळाईच्या नावानं निर्जळी उपास धरायचं ठरवलंय. पंचविशीसुद्धा गाठली नाही तिनं. अशी वर्षं काढील ती, भाऊ फलाटावर उभा राहून थकेल, मी आणि तुझी काकी जाऊ, आणि ती दारात बसून असेल. माझा शब्द ती मानणार नाही, साहेबाचा कागद आला तरी मानणार नाही. मानील तर ज्यानं पाहिलं त्याचाच. तो तू एकटाच आहेस. म्हणून लेकरा, तू ये. काठीवर ये, रजा काढून ये, कुंडल रोडला मी बैलगाडी घेऊन उभा असेन, आणि तू बोलत असशील तोवर तुझ्या शेजारून उठणार नाही. मला तुझ्याकडून कसलीही माफी नको. फक्त माझ्या सुनेला आणि तुझ्या काकीला तुझ्या तोंडून एवढं कळू दे, की शेवटी आमचा पोरगा एकटा नव्हता, त्याचा हात कुणीतरी धरलेला होता.

वाट बघणारा,
तुझाच,
हंबीरतात्या